गाडी चाकांवर उभी राहू दे, मग आवळ

लहाने,

परवा फोनवर लोअर आर्म, बुश, लिंक रॉड ही नावं तू घडाघडा घेतलीस आणि शेवटी आवाज खाली करून विचारलंस, "ताई, हे मी घरीच बसवू का?" आवाज कशाला खाली करतेस? बसव की. तुझ्या हाताला हे जमेल. लग्नाआधी शिलाई मशीन तूच खोलून बसवायचीस, फवारणी पंपाचे वायसर तूच बदलायचीस. पण पंपात चूक झाली तर पाणी गळतं. इथं चूक झाली तर गाडीचा ताबा सुटतो आणि त्या गाडीत तू आणि लेकरं बसलेली असता. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. फोनवर ऐकलेलं अर्धं विसरायला होतं.

एक आधीच ठरवून टाकू. दिवाळीला तू बोरीला येशीलच, तेव्हा काम इथंच करू, घरासमोरच्या सिमेंटच्या कोब्यावर. दारव्ह्याला तुमच्या दारात उतार आहे आणि खाली माती आहे. तिथं जॅक लावायचं मनातही आणू नकोस. पान्हा मात्र तूच धरायचा. मी बाजूला बसून सांगेन. जावईबापूंना चाक उचलायला, जॅकचा दांडा मारायला खुशाल बोलाव, पण "सरक, मी करतो" म्हणाले तर सरकू नकोस. गाडी रोज तू चालवतेस. खालचा कोणता बोल्ट कोणी आणि कसा आवळला हे तुला माहीत असायला हवं.

आता गाडीला काय झालं ते आधी समजून घे. आपल्या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यातल्या चिकणमातीचा तो स्वभावच आहे. पऱ्हाटीसाठी ओल धरून ठेवते तीही याच स्वभावानं. पण रस्त्याचं काम करताना तिच्यावर मुरूम कमी पडला की खालची जमीन दरवर्षी हलते, वरचं डांबर तडकतं, फटीत पाणी शिरतं आणि पहिल्या जड ट्रकखाली खड्डा पडतो. शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हा मूर्तिजापूर-यवतमाळची माणसं निदान काही प्रमाणात रुळावरून जायची. ती छोटी गाडी बंद पडल्यापासून आपलं येणंजाणं रस्त्यावरच आहे. तू रोज दारव्ह्याहून निघून अडाण नदी ओलांडून यवतमाळ गाठतेस, संध्याकाळी परत येतेस, वर गावागावाचे गतिरोधक. गाडीखालचं रबर किती दिवस टिकणार?

पण रबरच गेलंय, की दुसरंच काही? मिस्त्रीनं सांगितलं म्हणून पार्ट घेऊ नकोस, आधी स्वतः बघ. गतिरोधकावरून हळू जाताना एकदाच जड "धप्प" वाजत असेल तर बुशवर संशय घे. खडबडीत रस्त्यावर सारखं हलकं "खट खट" वाजत असेल तर बहुतेक लिंक रॉड, म्हणजे जंपिंग रॉडला (गाडीचं कलणं आवरणाऱ्या आडव्या रॉडला) शॉकअपशी जोडणारी ती छोटी दांडी. गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला आणि गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक आहे, डोलत राहिली तर तो गेला. चाक उचलल्यावर वरून आणि खालून धरून हलवलं आणि खुळखुळलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर टाय रॉड एंड. बुशसाठी लोअर आर्म, म्हणजे चाकाला चॅसिसशी जोडणारा खालचा दांडा, आणि चॅसिसच्या मधे सब्बलीचं टोक हलकेच घालून उचकव. रबर फाटलेलं असेल तर चीर उघडी पडते, डोळ्यांनी दिसते. टायरवरून तळहातही फिरव. एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं करवतीसारखा लागत असेल तर अलाइनमेंट बिघडलंय. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे आणि यानं नको ते पार्ट विकत घेणं वाचतं.

पार्ट घेताना माझं एक ऐक. नुसता बुश घेऊ नकोस, बुश बसवलेला पूर्ण लोअर आर्म घे. जुना बुश काढून नवा बसवायला दाबयंत्र लागतं. घरी हातोडीनं ठोकून बसवलेला बुश तिरका बसतो आणि त्याचं रबर पहिल्याच दिवशी दुखावतं. दोन्ही बाजूंचे आर्म एकदमच बदल. एक बाजू नवी आणि एक बाजू दमलेली असली की ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढते. खोक्यावरचा नंबर तुझ्या गाडीच्या मॉडेलशी आणि सालाशी जुळतो का ते बघ. एकाच नावाच्या गाडीचे आर्म सालागणिक बदलतात. शॉकअप बदलायची वेळ आली तर आपल्या मुलखात ते बनतात हेही लक्षात असू दे. गॅब्रिएल कंपनी १९६१ पासून हे काम करते आहे आणि चाकणला, नाशिकला तिचे कारखाने आहेत. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या दुकानात बिननावाचं खोकं स्वस्त मिळतं, पण त्या भावात आपला जीव बसत नाही.

आणि शॉकअपचा विषय निघाला आहे तर आता कान उघडे ठेव, कारण इथं मी हट्टी आहे. तुझ्या गाडीला पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एकच खांब असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं ही रचना पुढे आणली. आपल्याकडे घराघरांत ती १९८३ च्या मारुती ८०० मुळे आली. कमी जागेत, कमी पार्टांत काम भागतं, म्हणून आज बहुतेक लहान गाड्यांना तीच असते. त्या खांबाच्या अगदी वर मधोमध एक मोठा नट असतो. तो नट स्प्रिंगला दाबून धरतो. स्प्रिंग आवळायचं खास यंत्र लावल्याशिवाय तो नट ढिला केला तर स्प्रिंग सुटून येते आणि समोर जे असेल ते फोडते. या कामात माणसांचे जबडे, हात गेलेले आहेत. बोनेट उघडून त्याच्याभोवतीचे छोटे नट काढायला हरकत नाही, त्यांनी नुसता खांब गाडीला धरलेला असतो. मधल्या नटाला हात नाही. कधी शॉकअप बदलायचाच झाला तर अख्खा खांब उतरव, यवतमाळला ज्याच्याकडे स्प्रिंगचं यंत्र आहे त्याच्याकडे ने, त्यानं स्प्रिंग काढून नव्या शॉकअपवर चढवली की परत आण आणि बसव. यात कमीपणा नाही. घरी करण्याचं काम आणि घरी न करण्याचं काम यांतली रेघ ओळखता येणं हाही या शिक्षणाचाच भाग आहे.

आता जमीन आणि जॅक. काळ्या मातीवर जॅक उभा करायचा नाही, म्हणजे नाहीच. वरून वाळलेली दिसली तरी खाली ओल असते, वजन आलं की जॅकचा पाय हळूहळू रुततो आणि कलतो. म्हणून कोबा. गाडीसोबत येणारा कात्री जॅक पंक्चर काढायला आहे, त्याच्या भरवशावर अंगाचा कोणताही भाग गाडीखाली घालायचा नाही. गाडी उचलायला जॅक, धरून ठेवायला स्टँड. मिस्त्री लोक त्याला घोडा म्हणतात. निदान दोन टन पेलणारे दोन घोडे यवतमाळला कुठल्याही चांगल्या टूल्सच्या दुकानात मिळतील. विटांवर किंवा सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांवर गाडी ठेवलेली मी लोकांच्या अंगणात बघते आणि माझा जीव खालीवर होतो. वीट आधी कुरकुरत नाही, एकदम फुटते. घोडे लावायची जागा मॅन्युअलमध्ये चित्रासह दिलेली असते, पत्र्याखाली कुठंही लावले तर पत्रा आत जातो. पुढची बाजू उचलताना मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये. घोड्यांवर आली की गाडीला कमरेनं जोरात धक्का दे. हलली तर तू बाहेर असताना हलू दे. काढलेलं चाकसुद्धा गाडीखाली आडवं सरकवून ठेव. एवढं सगळं करून घोडा सरकलाच तर गाडी चाकावर टेकेल, तुझ्यावर नाही.

त्या दिवशी ओढणी नको, बांगड्या-मंगळसूत्र काढून ठेव, वेणी वर बांध. डोळ्यांना चष्मा लाव, साधा प्लास्टिकचा चालतो. वर बघत काम करताना वाळलेली काळी माती आणि गंज थेट डोळ्यांत पडतो. आणि एकटीनं कधीच नाही. हाक ऐकेल एवढ्या अंतरावर कोणीतरी मोठं माणूस हवंच.

गाडी उचलण्याआधी दोन गोष्टी कर. आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेव. दुसरी गोष्ट, टेप घे आणि गाडी सपाट कोब्यावर चाकांवर उभी असताना चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची मोज. डावीकडची, उजवीकडची, दोन्ही वहीत लिही. एवढ्याशा आकड्याला जपायचं काय असं वाटेल, पण पुढे सगळं काम त्यावर तपासायचं आहे.

काढताना चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग उचलायची. लिंक रॉडचा नट फिरवताना आतली दांडीही सोबत फिरते, म्हणून तिला ऑलन कीनं किंवा तिच्या चपट्या भागावर पान्हा लावून धर. बॉल जॉइंट काही गाड्यांत आडव्या बोल्टनं आवळलेला असतो. तो बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो जॉइंटच्या खाचेतून गेलेला असतो. ज्यांना खाचांचा नट आणि स्प्लिट पिन असते त्यांत पिन नेहमी नवी घाल. पिनचं भोक जुळत नसेल तर नट किंचित पुढे आवळून जुळव, मागे सोडून नाही. चाकाचा भाग बाहेर ओढून धरू नकोस, नाहीतर ड्राइव्ह शाफ्ट आतल्या सांध्यातून निसटतो. ब्रेकचा कॅलिपर काढावा लागला तर तारेनं वर बांधून ठेव, नळीवर लटकवू नकोस. जुना बोल्ट काढला की त्याचे आटे बघ. मधेच बारीक झालेला, गंजून खाल्लेला बोल्ट परत घालायचा नाही. नायलॉनची कडी असलेले नटही एकदा काढल्यावर नवेच घ्यावेत.

नवा आर्म जागेवर धर आणि सगळे बोल्ट आधी हातानं फिरव. हातानं निम्म्याच्या वर जात नसेल तर काहीतरी तिरकं आहे, पान्ह्यानं जोर करून आटे मारू नकोस, परत काढ आणि सरळ कर. सगळे बोल्ट हातानं गेले की पान्ह्यानं नुसते टेकव. घट्ट नको. इथंच हात थांबव.

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्या, एकात एक, आणि मधे रबर. ते रबर दोन्ही नळ्यांना चिकटवून पक्कं केलेलं असतं, ते कुठंच सरकत नाही. बाहेरची नळी आर्ममध्ये बसते. आतली नळी बोल्ट आवळला की चॅसिसला जखडली जाते. चाक वर-खाली होतं तेव्हा आर्म फिरतो, आणि तो फिरतो म्हणजे काय, तर मधलं रबर पिळलं जातं आणि परत येतं. ते जेवढं पिळलं जाईल असं कारखान्यानं धरलेलं असतं, ते गाडी चाकांवर उभी असताना रबर सरळ आहे असं मानून.

गाडी घोड्यांवर असते तेव्हा चाक लटकतं. आर्म एक-सव्वा फूट लांब असतो आणि त्याचं टोक आठ-दहा सेंटीमीटर तरी खाली गेलेलं असतं. म्हणजे बुशच्या जागी साधारण पंधरा अंशांचा फरक. तू त्या लटकत्या अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळलास तर रबराची सरळ अवस्था तिथं ठरते. मग गाडी खाली उतरवलीस की ते पंधरा अंश पिळलं जातं आणि पिळलेलंच राहतं, अंगणात गाडी उभी असतानासुद्धा. ओलं लुगडं पिळून तसंच पीळ न उलगडता दोरीला बांधून ठेवलं तर त्याचे धागे जसे ताणावर राहतात तसं. त्यावर खड्ड्याचा धक्का आला की रबर आणखी पंधरा-वीस अंश जातं, आणि लवकरच त्याला चीर पडते. शिवाय पिळलेलं रबर आर्मला खाली ढकलत राहतं, त्यामुळे गाडी किंचित उंच आणि कडक वाटते. लोकांना वाटतं नवा पार्ट बसला म्हणून गाडी टणक झाली. चार-सहा महिन्यांत परत धप्प वाजायला लागतं आणि दोष दुकानदाराच्या मालाला जातो. खरं तर माल चांगला होता, आवळण्याची वेळ चुकली.

मग मिस्त्री गाडी चाकांवर उभी करून का आवळत नाहीत, असं तू विचारशील. काही करतात, जे करतात त्यांना मी मनापासून मानते. बाकीच्यांचं कारण समजण्यासारखं आहे. जुन्या जीप आणि ट्रकच्या पाट्यांच्या पिना ग्रीसवर फिरायच्या. बाबांच्या जीपला आपण ग्रीसगन मारायचो ते आठवत असेल. लोखंड लोखंडावर फिरत असेल तर बोल्ट कोणत्या अवस्थेत आवळला यानं काही बिघडत नाही. हात त्या कामावर तयार झाले, आणि पुढे रबराचे बुश आले तरी हातांची सवय तीच राहिली. वर लिफ्टवर गाडी टांगलेली, खाली रांग लागलेली. कोण खाली उतरवून परत बोल्ट शोधत बसतो? घरी काम करण्याचा खरा फायदा हाच आहे, बाई. तुझ्यामागे रांग नाही.

तर कसं करायचं? सगळे बोल्ट टेकवलेले, दोन्ही बाजूंचे आर्म आणि लिंक रॉड जागेवर, चाकं परत चढवलेली. माझ्याकडे सागाच्या जाड, रुंद फळ्या आहेत, आडव्या-उभ्या रचून खिळ्यांनी एकत्र केलेल्या. पुढच्या दोन्ही चाकांखाली सारख्या उंचीच्या फळ्या ठेवायच्या, जॅकनं गाडी थोडी उचलून घोडे खाली करायचे आणि मग चाकं फळ्यांवर टेकवायची. घोडे काढून टाकायचे नाहीत, चॅसिसपासून बोटभर खाली तसेच उभे ठेवायचे. काही सरकलं तर गाडी त्यांच्यावर बसेल. दोन्ही चाकं एका उंचीवर असणं महत्त्वाचं, कारण एकच चाक वर असेल तर जंपिंग रॉड पिळला जातो आणि लिंक रॉड नीट बसत नाही. मग गाडीचा पुढचा भाग दोन्ही हातांनी चार-पाच वेळा दाब, म्हणजे टायर फाकून बसले असतील ते जागेवर येतील. टेप घे, तोच आकडा मोज. वहीतल्या आकड्याच्या जवळ आला की समज, रबर आता सरळ आहे. मग खाली जा आणि आवळ.

किती आवळायचं? "जेवढा जोर आहे तेवढा" हे उत्तर नाही. बोल्ट आवळताना तो लांबीत किंचित ताणला जातो आणि त्या ताणानंच दोन लोखंड एकमेकांना धरून राहतात. ताण कमी पडला तर बोल्ट सुटतो, जास्त झाला तर तो परत येत नाही, आटे जातात किंवा पुढे कधीतरी रस्त्यावर तुटतो. जोराचं माप न्यूटन-मीटरमध्ये असतं. अर्धा मीटर लांब पान्ह्याच्या टोकाला वीस किलो जोर लावला की जवळपास ९८ न्यूटन-मीटर. म्हणजे मीटरभर पाईप लावून साठ किलोचा माणूस त्यावर अंग टाकतो तेव्हा तो पाचशे ऐंशीच्या वर जातो. लहान गाडीच्या चाकाच्या नटांना साधारण ८५ ते ११० पुरतात. आता सांग, पाईपची काय गरज?

टॉर्क पान्हा घे. अर्ध्या इंची, साधारण ४० ते २०० न्यूटन-मीटरचा. आकडा लावायचा, मूठ मधोमध धरून सावकाश ओढायचा, एकदा "टक" झालं की थांबायचं. खात्रीसाठी परत-परत टक-टक करायचं नाही, प्रत्येक वेळी बोल्ट थोडा पुढे जातो. या पान्ह्यानं नट सैल करायचे नाहीत. काम झालं की आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा, आत स्प्रिंग असते. साधे पान्हे मात्र उगाच महागाचे नको, नाशिकच्या तापडियाचे माझ्याकडे आहेत आणि चांगले चालतात. लोअर आर्मच्या प्रत्येक बोल्टाचा नेमका आकडा गाडीसोबतच्या छोट्या पुस्तकात नसतो. तिथं फक्त चाकाच्या नटांचा मिळतो. बाकीचे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात, ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचं मॉडेल आणि साल सांगून विचार. न विचारता अंदाजानं नको.

आणि टॉर्क पान्हा जवळ नसेल, रस्त्यात चाक बदललं असेल, तर? आपल्याकडे कापूस मोजायचा ताणकाटा आहे ना, वेचणीच्या दिवसांत वावरात झाडाला टांगतो तो. नटाच्या मध्यापासून पान्ह्यावर अर्धा मीटर मोजून खूण कर, तिथं काट्याचा आकडा अडकव आणि पान्ह्याशी काटकोनात सावकाश ओढ. सतरा किलो तीनशे ग्रॅमवर ८५ न्यूटन-मीटर होतात, वीस किलोवर ९८. काटकोन मोडला की माप चुकतं, झटका दिला तरी चुकतं. मी हे चाकाच्या नटांसाठी करते आणि ते पुरेसं आहे. आर्मच्या बोल्टांसाठी नाही, तिथं टॉर्क पान्हाच.

आवळण्याआधी आट्यांवरचं ते गंजाचं तेल कापडानं स्वच्छ पूस. बोल्ट फिरवताना आपल्या जोरातला जवळपास नव्वद टक्के भाग घर्षणात जातो, उरलेल्या दहा टक्क्यांतच बोल्ट ताणला जातो. तेलानं घर्षण घटलं की त्याच आकड्यावर बोल्ट नको तेवढा ताणला जातो. म्हणून पुस्तकात मुद्दाम सांगितलं नसेल तर आटे कोरडे. प्रत्येक बोल्ट पूर्ण झाला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर जाईल अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढ. नंतर वाकून बघितलं की रेघ जुळते का ते कळतं, परत पान्हा लावावा लागत नाही.

पहिली चक्कर गावातच, हळू. ब्रेक लावून बघ, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ, काही घासतंय का ऐक. मग लाडखेडच्या बाजूला थोडी लांब जाऊन ये. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की चाकाचे नट परत तपास आणि रेघा बघ. अलाइनमेंट यवतमाळला करून घे, आर्म बदलल्यावर ते टाळायचं नाही. नाहीतर टायर एका कडेनं झिजून जातील. तिथल्या माणसाला आर्म बदलल्याचं सांग. आणि तो कुठलाही बुशचा बोल्ट सैल करणार असेल तर तो परत गाडी चाकांवर असतानाच आवळायला सांग. अवघडल्यासारखं वाटलं तरी सांग. पैसे तू देतेस.

लोक बघायला येतील. कोब्यावर बाई गाडीखाली झोपलेली बघून दोघं-तिघं थांबतीलच, सल्लेही देतील. त्यातला एखादा खरंच जाणकार असेल, त्याचं ऐक, दोन गोष्टी नव्या कळतील. "पाईप लाव, घट्ट बसेल" म्हणणाऱ्याला नुसतं "हो काका" म्हण आणि टॉर्क पान्ह्याचा आकडा तोच ठेव. मुलीला मात्र सोबत बसव. पान्हे नंबरानं हातात देणं, रेघा ओढणं, टेपचा आकडा वाचणं तिला सांग. तिला आत्तापासून कळू दे की गाडीखाली काय असतं.

दोन्ही आर्म, दोन्ही लिंक रॉड, गाडीची पुस्तिका, टेप आणि जुनी पँट आण. घोडे, फळ्या, जॅक आणि पान्हे माझ्याकडे आहेत. टॉर्क पान्हा मी धनतेरसच्या आधी घेऊन ठेवते. लिंक रॉड घेतलेस की खोकं लगेच उघडून नट आत आहेत का बघ. नसतील तर त्यांची जाडी आणि आट्याचं माप मला कळव, यवतमाळला जाणारच आहे, आणून ठेवते.

तुझी ताई